राखणदाराची पारख

खजिन्याच्या दारावर कोणास उभें करावें, हा प्रश्न राजसत्तेइतकाच जुना आहे. कुलूप लोखंडाचें असतें, परंतु किल्ली माणसाच्या हातीं द्यावी लागते. त्यामुळें राखणदार नेमण्यापूर्वीं त्याच्याविषयीं दोन गोष्टींची चौकशी करण्याची वहिवाट जुन्या काळापासून निरनिराळ्या देशांत आढळते. याच्या हातून पूर्वीं कांहीं वावगें घडलें आहे काय, ही एक. आणि हा कोणाचें देणें लागतो काय, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाच्या मुळाशीं अशी समजूत असते कीं, जो एकदां चुकला तो पुन्हां चुकेल. दुसऱ्याच्या मुळाशीं अशी कीं, ज्याच्या मानेवर सावकाराचा हात आहे, त्याचा स्वतःचा हात धन्याच्या पेटीकडे वळावयास वेळ लागत नाहीं. दोन्ही समजुती व्यवहारी आहेत, आणि त्या सर्वस्वीं खोट्या आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्या कितपत खऱ्या आहेत हें पाहावयाचें तर इतिहासाकडे वळलें पाहिजे. महाराष्ट्रांत या प्रश्नाचा मोठा आणि कठोर प्रयोग खानदेशांत झाला, आणि त्याची कहाणी तापीच्या व सातपुड्याच्या त्या मुलुखांत घडली, ज्यांतील पश्चिमेकडील भागास आज आपण नंदुरबार जिल्हा म्हणतों.

प्रथम आजचा व्यवहार पाहूं. पोलिसांत किंवा दुसऱ्या सरकारी नोकरींत निवड झालेल्या तरुणास साक्षांकन-नमुना म्हणून एक छापील पत्रक भरून द्यावें लागतें. तुम्हांस कधीं अटक झाली होती काय, तुमच्यावर खटला झाला होता किंवा चालू आहे काय, असे प्रश्न त्यांत असतात, आणि दिलेल्या उत्तरांची पडताळणी पोलीस ठाण्याकडून होते. नोकरी लागल्यावरहि चौकशी संपत नाहीं. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९६४ सालीं वर्तणुकीचे नियम झाले. नोकरानें आपला खाजगी व्यवहार असा ठेवावा कीं नित्याचें कर्जबाजारीपण किंवा दिवाळें ओढवूं नये, असें त्यांत स्पष्ट बंधन आहे. अमेरिकेंत राज्याचीं गुपितें ज्यांच्या हातीं द्यावयाचीं त्यांची पारख तेरा कसोट्यांनीं करितात. त्यांपैकीं एक कसोटी आर्थिक व्यवहाराची आणि एक गुन्हेगारी वर्तनाची आहे.

यांत नवें असें थोडेंच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अमात्यांची परीक्षा घेण्यासाठीं धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार उपधा सांगितल्या आहेत. उपधा म्हणजे मुद्दाम घातलेलें आमिष किंवा दाखविलेली भीति. द्रव्याच्या आमिषास जो बळी पडला नाहीं त्यास वसुलीच्या व भांडाराच्या कामीं, आणि भयाच्या कसोटीस जो उतरला त्यास राजाच्या निकटच्या कामीं नेमावें, अशी ती योजना आहे. शत्रुराज्यांतील कोणते लोक सहज फुटतात याचीहि यादी त्या ग्रंथांत आहे. ज्याची संपत्ति क्षीण झाली आहे तो, जो व्यसनांत बुडाला आहे तो, आणि ज्याचा अपमान झाला आहे तो, असे लोक तींत आढळतात. परंतु कौटिल्य येथें थांबत नाहीं. स्वतःच्या राज्यांत असे असंतुष्ट लोक असतील तर आधीं साम आणि दान यांनीं त्यांचें समाधान करावें, असा त्याचा सल्ला आहे. माणूस फुटतो तो केवळ त्याच्या दोषामुळें नव्हे, तर राज्यानें त्याला कसें वागविलें यामुळेंहि, ही जाणीव त्या सल्ल्याच्या मुळाशीं आहे. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. त्यापूर्वीं हा मुलूख धुळें जिल्ह्यांत, त्याच्या आधीं पश्चिम खानदेशांत, आणि १९०६ सालापर्यंत अखंड खानदेशांत मोडत असे. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर व नंदुरबार या गांवांवरून जाई. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेनें गेला होता. एका बाजूस सह्याद्रीचे फांटे, दुसऱ्या बाजूस सातपुडा, मध्यें तापीचें सुपीक खोरें, आणि त्यांतून मालानें लादलेले तांडे चाललेले. अशा मुलुखांत राखणदारावांचून कोणाचेंच चालण्यासारखें नव्हतें. ती राखण बहुतांशीं भिल्लांकडे असे. खानदेशांत गांवचा जागल्या पुष्कळदां भिल्ल असे. गांवांत चोरी झाली तर माग काढून तो पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचवावा, न पोंचविल्यास नुकसानीची जबाबदारी स्वतःवर घ्यावी, आणि या सेवेबद्दल पिकांतील ठराविक वांटा हक्कानें घ्यावा, अशी रीत होती. म्हणजे ज्या जमातीला पुढें लुटारू म्हणून कागदोपत्रीं हिणविण्यांत आलें, ती मूळची पहारेकरी होती. ही गोष्ट विसरली कीं पुढचा सारा इतिहास उलटा दिसूं लागतो.

त्या काळीं माणसाची पारख कागदावरून होत नसे. जामिनावरून होत असे. वसुलीच्या हमीसाठीं मालजामीन, माणूस बोलावतांच हजर राहील याबद्दल हाजिरजामीन, आणि त्याची वर्तणूक नीट राहील याबद्दल फेलजामीन, असे जामिनाचे निरनिराळे प्रकार होते. या पद्धतींत एक मोठा गुण होता. माणूस पूर्वीं कसा होता यापेक्षां आज त्याच्या पाठीशीं कोण उभें आहे, हें ती पाहत असे. मात्र तिचा पायाहि त्यांतच होता. ज्या समाजांत एकमेकांसाठीं उभें राहणारीं माणसें असतील आणि राज्य आपला शब्द पाळील, तेथेंच ती चाले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खानदेशांत या दोन्ही गोष्टी नाहींशा झाल्या. यशवंतराव होळकराच्या १८०२ च्या स्वारीनें मुलूख बेचिराख झाला. आज शहादें तालुक्यांत असलेलें सुलतानपूर हें एके काळचें नांदतें शहर त्या धुमश्चक्रींत उजाड झालें. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. गांवेंच उठलीं तेथें जागल्याचा हक्क कोण देणार? पोट राखणीवर भरेना तेव्हां राखणदार डोंगरांत शिरला आणि ज्या वाटा त्यानें राखल्या होत्या त्याच वाटा लुटूं लागला. त्याला वठणीवर आणण्यासाठीं पेशवाईच्या अखेरच्या अंमलदारांनीं जो मार्ग धरला, तो लुटीहून निंद्य होता. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याच्या कारकीर्दींत कोपरगांव येथें भिल्लांना अभयाचें आमिष दाखवून एकत्र जमविण्यांत आलें आणि त्यांची सरसकट कत्तल करण्यांत आली. अशा कत्तली इतर ठिकाणींहि झाल्या. भिल्लांच्या नांवावर दरोडे होते हें खरें, परंतु सरकारच्या नांवावर वचनभंगाचा रक्तरंजित डाग होता. पूर्वदुर्वर्तनाची चौकशी करावयाची तर ती दोन्ही पक्षांची करावी लागली असती.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला. कॅप्टन ब्रिग्ज याच्याकडे कारभार सोंपविण्यांत आला, आणि वर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. डोंगरांत फौजा पाठविणें, रसद तोडणें, नाईकांना पकडणें, कांहींना नेमणुका बांधून देणें, असे सर्व उपाय सात वर्षें चालले. एक टोळी मोडली कीं दुसरी उभी राही. शेवटीं १८२५ सालीं, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतांना, धोरण बदलण्यांत आलें. खानदेशांत तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. वायव्येकडील एजन्सींत नंदुरबार व सुलतानपूर हे भाग येत, आणि तिचें ठाणें तापीकांठीं कुकरमुंडें येथें होतें. हें गांव आज गुजरातेंत आहे. एजंटांनीं भिल्लांना जमिनी द्याव्या, सारा माफ करावा, बीं-बियाणें व बैल यांसाठीं तगाई द्यावी, त्यांचे तंटे तोडावे, आणि जागल्यांचे बुडालेले हक्क पुन्हां चालू करावे, असें ठरलें. याखेरीज भिल्लांचीच एक पलटण उभारावी, असाहि ठराव झाला. काल ज्यानें खजिना लुटला त्याच्याच खांद्यावर बंदूक देऊन खजिन्याच्या पहाऱ्यावर त्याला उभें करावयाचें, अशी ही कल्पना होती. अनेक जुन्याजाणत्या अंमलदारांना ती वेडगळ वाटली यांत नवल नाहीं.

हें काम जेम्स औट्रम नांवाच्या २२ वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आलें. त्यानें आरंभ केला तो चढाईनें. एका टोळीवर अचानक हल्ला करून त्यानें कांहीं लोक पकडले, आणि मग त्या कैद्यांच्याच मध्यस्थीनें नाईकांशीं बोलणें सुरू केलें. त्यानें स्वतः लिहून ठेविलेल्या हकीकतीवरून असें दिसतें कीं, तो नाईकांबरोबर एकटा रानांत गेला, त्यांना भरपूर दारू पाजून त्यानें त्यांचीं मनें वळविलीं, आणि कोणताहि पहारा जवळ न ठेवतां त्यांच्यांत राहून त्यांचा विश्वास मिळविला. एवढें करून पहिल्यानें त्याच्या हातीं लागले ते अवघे पांच धाडसी भिल्ल. या पांचांपासून खानदेश भिल्ल पलटण वाढली. तिचें ठाणें धरणगांवास होतें. कांहीं वर्षांतच तिच्या शिपायांची संख्या शेंकड्यांवर गेली, आणि खजिन्याबरोबर जाणें, कैदी पोंचविणें, घाटांतील चौक्या सांभाळणें हीं कामें कवायती फौजेकडून तिच्याकडे आलीं.

या यशाचें कारण कोणतें? औट्रमच्या शिकारीच्या पराक्रमाची भिल्लांवर मोहिनी पडली, असें इंग्रज चरित्रकार सांगतात. तें असेल. परंतु आम्हांस खरें कारण निराळें दिसतें. या शिपायांचा पूर्वेतिहास सर्वांना ठाऊक होता. लपविण्यासारखें त्यांत कांहीं उरलें नव्हतें. ज्या अपराधाची माफी उघडपणें झाली आहे, तो अपराध कोणा तिसऱ्याच्या हातांतील शस्त्र होऊं शकत नाहीं. ‘तुझें बिंग फोडीन’ अशी धमकी देऊन त्या शिपायास कोणी वळवूं शकत नव्हतें. शिवाय पहिली परीक्षा औट्रमनें भिल्लांची घेतली नाहीं. आपली स्वतःची त्यांना घेऊं दिली. कत्तलींच्या आठवणी ताज्या असतां निःशस्त्र मनुष्य त्यांच्यांत येऊन निजतो, ही भिल्लांनीं केलेली सरकारची पडताळणी होती. आणि तिसरें म्हणजे पगार व जमीन मिळाल्यामुळें प्रामाणिकपणें जगणें त्यांना परवडूं लागलें. इमान हा केवळ स्वभावाचा गुण नसून तो परिस्थितीचाहि गुण आहे, हें त्या प्रयोगानें दाखविलें.

या प्रयोगाची स्तुति करितांना भान मात्र सुटूं देतां कामा नये. तो परोपकार नव्हता. राज्य स्वस्तांत व सुरक्षित चालावें यासाठीं केलेला तो हिशेब होता. दारूचा जो उपयोग औट्रमनें केला, त्याचे परिणाम पुढें पिढ्यान् पिढ्या भोगावे लागले. आणि हीच पलटण १८३० सालीं डांगांतील भिल्ल राजांवर चालून गेली, म्हणजे भाऊबंदांविरुद्ध भाऊबंद उभे करण्यांत आले. विश्वास टाकणारा कोणत्या कामासाठीं विश्वास टाकतो, हा प्रश्नहि इतिहासकारानें विचारला पाहिजे.

या प्रयोगाची दुसरी बाजू १८५७ सालीं दिसली, आणि ती एका माणसाच्या आयुष्यांत एकवटली आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण भिल्ल नाईक खाज्या याच्याकडे होती. वीस वर्षांच्या सुमारास त्यानें ती चोख केली. मग संशयावरून त्यानें पकडलेला एक इसम त्याच्या ताब्यांत मरण पावला. १८५५ सालीं त्याच्यावर खटला होऊन दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदत पुरी होण्यापूर्वींच त्याला सोडण्यांत आलें, आणि १८५७ सालीं उत्तरेकडून बंडाच्या बातम्या येऊं लागतांच सरकारनें त्याला पुन्हां त्याच घाटाच्या राखणीवर नेमलें. थोड्याच महिन्यांत खाज्या नाईक बंडांत सामील झाला. त्या वर्षीं नोव्हेंबरांत इंदुराहून मुंबईकडे निघालेला सुमारें सात लाख रुपयांचा खजिना त्याच्या लोकांनीं घाटांत लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांतील अंबापाणी येथें सरकारी फौजेशीं भिल्लांची मोठी लढाई झाली. कित्येक भिल्ल लढतां लढतां पडले. कित्येकांना पकडल्यावर गोळ्या घालून मारण्यांत आलें. आणि शेंकडों बायका कैद झाल्या. सरकारच्या बाजूनें लढणाऱ्यांत भिल्ल पलटणीचे शिपाईहि होते. खाज्या नाईक हातीं लागला नाहीं. पुढें १८६० सालीं दग्यानें त्याला मारण्यांत आलें.

याच वेळीं नगर-नाशिककडे भागोजी नाईक उठला. तोहि पोलिसांतला माणूस. दंगा व पोलिसांस अडथळा केल्याबद्दल १८५५ सालीं त्याला शिक्षा झाली होती, आणि सुटल्यावर वर्षभर नीट वागण्याबद्दल त्याच्याकडून जामीन घेण्यांत आला होता. जामिनाची मुदत संपली, त्यानंतर लवकरच त्यानें गांव सोडला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजीं नांदूर-शिंगोटें येथें त्याच्या लोकांशीं झालेल्या चकमकींत पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. ११ नोव्हेंबर १८५९ रोजीं खुद्द भागोजी लढतांना पडला.

या दोन हकीकतींवरून घाईनें निष्कर्ष काढणारा म्हणेल, ‘पाहा, पूर्वदुर्वर्तनाचा नियम खरा ठरला. एकदां शिक्षा झालेल्या माणसास पुन्हां राखणीवर घेतलें, आणि त्यानें खजिना लुटला.’ परंतु मग भिल्ल पलटणीचें काय? तिच्या पहिल्या शिपायांचें पूर्ववर्तन खाज्या नाईकाहून उजळ होतें असें नाहीं, आणि तरी ती पलटण १८५७ सालींहि फुटली नाहीं. फरक अपराधांत नव्हता. अपराधानंतर जें घडलें त्यांत होता. पलटणींतील भिल्लांना पूर्वीचें विसरून नवें नातें देण्यांत आलें. खाज्याच्या बाबतींत उलट क्रम झाला. वीस वर्षांचें इमान तुटलें, तुरुंग झाला, आणि मग गरज पडतांच, तुटलेलें नातें जोडल्यावांचून, जुनी किल्ली पुन्हां हातांत ठेवण्यांत आली. एका माणसाच्या मृत्यूचा जाब घेणें हें न्यायालयाचें कर्तव्यच होतें. शिक्षा चुकीची होती असें आम्ही म्हणत नाहीं. कसलाहि समेट न करितां केवळ अडचणीपोटीं त्याच्यावर टाकलेला विश्वास, ही चूक होती. तसेंच त्याच्या उठावाला दुर्वर्तन म्हणावें कीं स्वातंत्र्याचा झगडा, हें पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. सरकारी दप्तरांत तो बेइमान ठरला. सातपुड्याच्या लोकांनीं त्याला वीर मानलें. राखणदाराच्या इमानाची चौकशी करितांना तें इमान कोणाशीं, हा प्रश्न टळत नाहीं.

आतां दुसऱ्या कसोटीकडे, म्हणजे ऋणाकडे, वळूं. भिल्लांचे अपराध माफ करणाऱ्या सरकारला त्यांचीं कर्जें मात्र दिसलीं नाहींत. बंड शमलें, रस्ते झाले, रेल्वे आली, अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१-६५) कापसाचा भाव चढला, आणि तापीकांठची काळी जमीन सोन्याची झाली. जमीन महाग झाली तसा ती गहाण घेणारा पुढें आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या फिर्यादीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु कुळाच्या रक्षणाचा होता, परंतु परिणाम असा झाला कीं, दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेण्याची चाल पडली. अक्षरशत्रु भिल्लानें आंगठा उठवावयाचा आणि दिवाणी न्यायालयानें त्या आंगठ्यावर हुकूमनामा द्यावयाचा, असा क्रम सुरू झाला. १८७५ सालीं सुपें येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, आणि त्यांतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा झाला. परंतु आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. खानदेश त्यांत नव्हता. जेथें दंगा झाला तेथें औषध पोंचलें. जेथें लोक मुकाट्यानें सोशीत राहिले तेथें तें पोंचलें नाहीं.

ज्याच्याजवळ गहाण टाकावयास जमीनहि उरली नाहीं, तो स्वतःलाच गहाण टाकूं लागला. भिल्लांत नवऱ्या मुलाच्या बाजूनें वधूच्या घरीं देज द्यावें लागतें. लग्नाचा खर्च सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून घ्यावयाचा आणि त्यापोटीं वर्ष, दोन वर्षें, कधीं त्याहून अधिक काळ सालदार म्हणून राबावयाचें, हा व्यवहार नंदुरबार, शहादें, तळोदें या भागांत रूढ झाला. साल संपे, पण मधल्या आजारपणाची, धान्याची, सणाची उचल वहींत चढलेली असे. आणि वही एकाच हातानें लिहिलेली असे. १९३०-४० च्या दशकांत मुंबई सरकारच्या वतीनें सायमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें आदिवासी मुलुखाची पाहणी केली. तिच्या वृत्तांतांत पश्चिम खानदेशांतील भिल्लांची पिळवणूक कशी होते, आणि हलक्या दर्जाचे सरकारी नोकरहि तींत कसा हात धुवून घेतात, याचें स्पष्ट वर्णन आहे.

कर्जबाजारी मनुष्य विश्वासास अपात्र, असा नियम कोणी कडकपणें लावला असता, तर या मुलुखांतील किती आदिवासी पात्र ठरले असते? नियमाचें मर्म कर्जाच्या आंकड्यांत नाहींच. मर्म आहे तें कोणाचा हात कोणाच्या मानेवर आहे, यांत. सरकारनें दिलेली तगाई हेंहि कर्जच होतें. परंतु त्या कर्जानें भिल्ल राज्याशीं बांधला गेला, त्याच्या दाराशीं बैल आला आणि त्याला गमावण्यासारखें कांहीं मिळालें. सावकाराच्या खतानें तो राज्यापासून तुटला, कारण त्या खताचा अंमल करण्यास जो बेलिफ येई तो राज्याचाच असे. एकच ऋण एके ठिकाणीं इमानाचें मूळ होतें आणि दुसऱ्या ठिकाणीं बेडी होते.

या कथेचा सर्वांत उपरोधिक प्रसंग स्वराज्यांत घडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहादें भागांतील बड्या जमीनदारांनीं पीक-संरक्षण सोसायट्या काढल्या, आणि उभ्या पिकांतून कणसें नेल्याच्या आरोपावरून आदिवासींना पकडून दंड करण्यांत येऊं लागला. ज्यांच्या पूर्वजांकडे शिवाराची राखण होती, त्यांच्यापासूनच शिवार राखण्यासाठीं आतां पहारे बसले. आणि ज्या जमिनींत तें पीक उभें होतें त्यांतील कित्येक एके काळीं त्याच आदिवासींच्या होत्या. मे १९७१ मध्यें पाटीलवाडी येथें धान्य मागावयास गेलेल्या आदिवासींवर जमीनदारांच्या बाजूनें गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या पुढाकारानें जमिनीसाठीं, सालदारांच्या हक्कांसाठीं आणि दारूविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. १९७२ सालीं श्रमिक संघटना स्थापन झाली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ सालचा, आणि वेठबिगारी नष्ट करण्याचा केंद्राचा कायदा १९७६ चा. हे कायदे होण्यामागें जीं आंदोलनें होतीं त्यांत या मुलुखाचा वांटा मोठा आहे.

आतां आरंभीं सांगितलेल्या त्या छापील पत्रकाकडे पुन्हां वळूं. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यांतील एखादा तरुण तें पत्रक पुढ्यांत घेऊन बसतो, तेव्हां ‘तुमच्यावर कधीं खटला झाला होता काय’ या ओळीपाशीं त्याची लेखणी अडूं शकते. आंदोलनांतील सत्याग्रह, रानांतून लांकूड आणल्याचा वनगुन्हा, किंवा वनजमीन कसल्याबद्दलची नोंद, यांपैकीं कांहीं ना कांहीं डोंगरांतील अनेक घरांच्या वांट्यास आलेलें आहे. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकांत राज्यानें स्वतःच दिली आहे. मग त्या अन्यायाच्या काळांतील नोंदी त्या तरुणाच्या इमानाचा पुरावा कशा मानाव्या?

सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अवतार सिंग यांच्या प्रकरणांत या बाबतींत कांहीं विवेकाचे नियम घालून दिले. उमेदवारानें दिलेली माहिती खरी असली पाहिजे. परंतु तरुणपणींच्या क्षुल्लक अपराधाकडे मालक दुर्लक्ष करूं शकतो. आणि खरें सांगणाऱ्यासहि नेमलेंच पाहिजे असें बंधन मालकावर नाहीं, असा त्याचा आशय आहे. यांतील पहिला भाग आणि धरणगांवचा अनुभव एकमेकांशीं जुळतात. उघड केलेला दोष दुबळा असतो, आणि झांकलेला दोष धोक्याचा असतो. परंतु एक अट येथें विसरतां कामा नये. खरें सांगितल्यानें आपलें वाटोळें होणार नाहीं, असा भरंवसा असेल तरच मनुष्य खरें सांगतो. तो भरंवसा देणें हें विचारणाऱ्याचें काम आहे, सांगणाऱ्याचें नव्हे.

चौकशी सोडून द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या हातीं बंदूक द्यावयाची किंवा दुसऱ्याचें धन सोंपवावयाचें, त्याची पारख केलीच पाहिजे. हवालतींत मेलेल्या त्या अनामिक इसमाची आठवण ठेवली तर तिची गरज अधिकच पटते. परंतु पारख करणाऱ्यानें दोन प्रश्न स्वतःलाहि विचारावे. या माणसाच्या नांवावर जो अपराध आहे, त्यांत आपला वांटा किती? आणि याच्या डोक्यावर जें ऋण आहे, तें उतरविण्यासाठीं आपण काय केलें? १८२५ सालीं या प्रश्नांचें अर्धेंमुर्धें उत्तर मिळालें, तेवढ्यानें पांच माणसांची पलटण उभी राहिली आणि टिकली. १८५७ सालीं ते विचारलेच गेले नाहींत, तेव्हां घाटाची किल्ली घाटांतच हरवली.

तापीच्या खोऱ्यांतील जागल्या माग काढीत शिवेपर्यंत जाई, तेव्हां माग पुढच्या गांवांत शिरला असें दिसल्यास जबाबदारी त्या गांवावर जाई. अपराधाचा आणि ऋणाचा माग काढतांनाहि तीच रीत पाळली पाहिजे. तो माग उमेदवाराच्या उंबऱ्यापाशीं थांबला असें आपण म्हणतों. पण नीट पाहिल्यास तो पुष्कळदां पुढें सरकतो, सावकाराच्या वहीकडे, जमीनदाराच्या शिवाराकडे, आणि कधीं कधीं थेट सरकारी कचेरीच्या दाराकडे.